एकाच कढईतली वांगी

“बघा बरं, मीठ बरोबर हाय का?”

मधल्या कुंपणाच्या भिंतीवरून आधी पळी यायची, मग शेजारणीचा हात, मग हा प्रश्न. आपण तळहात पुढे करायचा. ती त्यावर आमटीचे चार थेंब सोडायची आणि आपण चाटून होईपर्यंत आपल्या तोंडाकडे बघत राहायची. “अगदी बरोबर आहे,” असं म्हटलं तरी सुटका नसे. “खरंच व्हय? का मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?”

मला मिठातलं फारसं कळत नाही, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. मी विम्याच्या कचेरीत नोकरी केली, रोज सकाळी कुकर लावून पळाले, आणि जे काही शिजलं ते माझ्या नवऱ्याने मुकाट्याने खाल्लं. पण भिंतीपलीकडे मीच होते, म्हणून कौल माझाच. साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत तिच्या नवऱ्याला सगळे ‘सर’ म्हणायचे. त्यामुळे मी तिला वहिनी म्हणायचे आणि ती मला ताई. वयाने आम्ही सारख्याच होतो.

गोष्ट मिठावर थांबत नसे. “आज बुधवारच न्हवं?” “ह्या पातळावर ह्यो ब्लाऊज बरा दिसतोय न्हवं?” घराला कुलूप लावून निघाली की कोपऱ्यावरून परत यायची, कुलूप ओढून बघायची, मग मलाही ओढून बघायला सांगायची. एकदा आम्ही दोघी लग्नाला सांगलीला निघालो. गाडीवर ‘सांगली’ अशी ठळक पाटी, कंडक्टर दारात उभा राहून सांगलीच्या नावाने ओरडतोय, आणि ही त्यालाच विचारते, “ही सांगलीचीच हाय न्हवं?” तो म्हणाला, “मावशी, माझी सासुरवाडी हाय तितं. दुसरीकडं नेली तर बायको घरात घ्यायची न्हाई.” सगळी गाडी हसली. तीही हसली, आणि बसल्यावर हळूच मला म्हणाली, “तरीबी तुमी एकदा पाटी बघून घ्या, ताई.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना भित्रं म्हणतो आणि पुढे जातो.

ती मूळची जत तालुक्यातली. वडील तरुणपणी मेंढरांमागे फिरले, पुढे थोडी शेती धरून राहिले. आईला ती ‘अव्वा’ म्हणायची. सरांची पहिली नोकरी त्या भागातल्या शाळेत होती, तिथे त्यांनी हिला पाहिलं आणि स्वतःहून मागणी घातली. त्यामुळे गल्लीचं मत असं की हिने नशीब काढलं. सरांना दारूचं व्यसन नाही, हात उचलणं नाही, शिवी नाही. पुढे नोकरी सोडून ते साताऱ्यात घरीच गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. मुलांना गोळ्या वाटायचे, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून द्यायचे. आवाज कधी चढला नाही. सोन्यासारखा नवरा, असं बायका म्हणायच्या.

सरांचा एक शब्द होता, “असू दे.” घास तोंडात घालायचा, थोडं थांबायचं, हसायचं आणि ताट सरकवायचं. “असू दे. तुझ्याकडून नाही होत, तर नाही होत.” एक दिवस खारट, एक दिवस अळणी. पाहुणे आले की आधीच सांगायचे, “आमच्या हिचं जरा सांभाळून घ्या.” तिने काही सांगायला तोंड उघडलं की, “तुला नीट आठवत नाहीये. असू दे.” त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा आम्ही चार घरची माणसं बसलो असताना सर हसत म्हणाले, “झालं असतं तर ही तेही कुठे तरी विसरून आली असती.” आम्हीही थोडंसं हसलो, कारण ते इतक्या गोड आवाजात म्हणाले होते. ती कप गोळा करत होती. तिने ते मोजून परत मोजले आणि आत गेली.

आणि काही चुकलं की अबोला. काय चुकलं ते सांगायचं नाही. तिने विचारलं तर उत्तर एकच, “ते तुलाच कळायला हवं.” मग ती दिवसचे दिवस घरभर आपली चूक शोधत फिरायची आणि भिंतीपाशी येऊन मला विचारायची, “माझं काय चुकलं आसंल ओ?” तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हा. फक्त इथे बुक्की कुणाला दिसत नव्हती, तिला स्वतःलाही.

एका गोष्टीत मात्र ती कुणाला विचारत नसे. उन्हाळ्यात आम्ही मिरच्या कुटायला डंकावर जायचो, तेव्हा. मिरची, भाजलेला कांदा, लसूण, खोबरं, धणे, सगळं तिच्या नजरेनं पडायचं. डंकवाल्याला ती दमात घ्यायची, “आवं, बारीक कुटा, पैसं काय फुकट देत न्हाई.” शेवटी खडं मीठ ओंजळीनं टाकायची आणि हात झटकायची. माझीही चटणी तीच करून द्यायची आणि बरणी हातात देताना न चुकता बजावायची, “चटणीत मीठ हाय, ताई. भाजीत वरनं बेतानं घाला.” आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मी मात्र दरवर्षी विसरायचे आणि बरणीतली पहिली भाजी खारट करायचे. एकदा घरी आल्यावर मी तिला विचारलं, “डंकावर नाही विचारलंत कुणाला, मीठ बरोबर आहे का ते?” ती गोंधळली. “तितं कोण इचारतंय? तितं कळतंयच की.”

आता वांग्यांची गोष्ट.

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव कोरलेलं असतं. माझ्याकडे स्टीलचा एक चपटा डबा आहे. लग्नात मावशीने दिलेला, झाकणावर माझं नाव, माहेरच्या आडनावासकट. त्यातून मी तिला दिवाळीत विकतचे लाडू दिले होते. तो डबा बरेच दिवस तिच्याकडे होता. एका रविवारी तिने भरली वांगी केली. अर्धी सरांच्या पातेल्यात काढली, अर्धी माझ्या डब्यात भरली, झाकण लावलं आणि डबा ओट्यावर ठेवला. संध्याकाळी मला देऊ, असं मनाशी म्हणाली.

दुपारी सर जेवायला बसले. पहिला घास, मग ते थांबणं, मग हसणं. “खारट. असू दे.” ताट सरकवून दही-भाकरी खाल्ली. ती गच्चीवर वाळवण उलटायला गेली. खाली येईपर्यंत सरांना पुन्हा भूक लागली असावी. ओट्यावरचा डबा त्यांनी उघडला, झाकणावरचं नाव वाचलं, आणि आतली वांगी उभ्या उभ्या संपवली.

संध्याकाळी मी अंगणात झाडांना पाणी घालत होते. सर भिंतीपाशी आले, मागे ती.

“ताई, मानलं तुम्हाला,” सर म्हणाले. “काय वांगी केली होतीत! मीठ कसं असावं, तर असं. हिला जरा शिकवा.”

मी कसली वांगी केली होती? त्या दिवशी आमच्या घरी मुगाची खिचडी होती, तीही लागलेली. मी तसं म्हणणारच होते, तेवढ्यात माझं तिच्याकडे लक्ष गेलं. तिच्या हातात माझा डबा होता, रिकामा. ती सरांच्या पाठीकडे बघत होती, एखादं अनोळखी माणूस बघावं तशी.

“शिकते की,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आले तर ती आमच्या पायरीवर बसलेली. आत या म्हटलं तर उठली नाही.

“एकाच कढईतली हुती, ताई,” ती म्हणाली. “एकाच पळीनं काढली. पातेल्यात खारट, आन् तुमच्या डब्यात गोड?”

मी तिच्याजवळ बसले.

“म्हंजे माझं मीठ बरोबर हुतं.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “बरोबरच हुतं की ओ.” आणि मग ती रडायला लागली. पदर तोंडात धरून, आवाज न करता. इतक्या वर्षांचं ते रडणं होतं आणि त्यालाही तिने मोठा आवाज होऊ दिला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

तुम्हाला वाटेल, झालं, बाईला कळलं. तसं नसतं. दोन दिवसांत तिला पुन्हा शंका आली. “पातेल्यात खाली जास्त मीठ बसलं आसंल का?” म्हणून तिने माझ्याकडे डबा परत मागितला. मग काही दिवस असं चाललं की ती स्वतःच्या घरी केलेली भाजी माझ्या डब्यात भरायची, आणि ‘ताईंनी दिलीय’ म्हणून सरांपुढे ठेवायची. त्याच भाजीची वाटी ताटात वेगळी. वाटीतली अळणी निघायची, डब्यातली सर बोटं चाटून खायचे. या काळात माझी कीर्ती गल्लीभर झाली. सर शिकवणीच्या मुलांच्या आयांनासुद्धा माझ्या हातच्या चवीबद्दल सांगत. एकीने माझ्याकडे मसालेभाताचं प्रमाण विचारलं. माझा नवरा म्हणाला, “ही बाई नक्की कुठे राहते? तिच्याकडे जेवायला जायचंय.” मी हसायचे, पण ती हसत नव्हती. तिचा अख्खा जीव त्या डब्यात होता. आपल्या जिभेला जे कळतं ते खरं की नवरा सांगतो ते खरं, एवढं एक तिला ठरवायचं होतं, आणि त्यावर पुढचं सगळं आयुष्य अवलंबून होतं.

एका सकाळी तिने डबा घासून पुसून भिंतीवर ठेवला. “बास झालं, ताई. आता मला कळलं.”

“त्यांना सांगणार?”

“सांगते. न सांगता ऱ्हायलं तर माझंच मला पुन्यांदा खोटं वाटंल.”

तिने सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तू मला फसवलंस. असू दे.” मग नेहमीचा अबोला, पण या वेळी लांब. गल्लीत त्यांनी हळूच सांगायला सुरुवात केली की हिची तब्येत बरी नाही, डोक्यावर परिणाम झाल्यासारखा वाटतो. बायका मला विचारायला आल्या. मी म्हटलं, “परिणाम झालाय खरा. तिला मीठ कळायला लागलंय.” त्यांना काही समजलं नाही.

पूर्वी अबोला धरला की ती चूक शोधायची. या वेळी तिने शोधली नाही. एक पिशवी भरली आणि सांगलीला मावसबहिणीकडे जायला निघाली. बहीण तिथे कॉलेजच्या मुलींसाठी खाणावळ चालवायची. निघताना मी माझा डबा तिला दिला, दशम्या भरून. स्टँडवर गाडी लागली तेव्हा मला वाटलं, आता विचारणार. तिने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओठ हलले, आणि ती तशीच चढली. खिडकीतून मात्र म्हणाली, “आमच्या घराचं कुलूप तेवढं ओढून बघाल?” घरात सर बसलेले होते, कुलूप कुठलं असायला. मी म्हटलं, “बघते.”

मी काही महिन्यांनी तिच्याकडे गेले. खाणावळीत ती भाकऱ्या थापत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारत होती, “बघ गं पोरी, मीठ बरोबर हाय का?” माझं मन खट्टू झालं. वाटलं, हे कधी सुटणार? जेवणं झाल्यावर ती माझ्याशेजारी बसली.

“परवा एक गंमत झाली, ताई. एक पोरगी म्हणाली, मावशी, आमटीत मीठ कमी हाय. मी तर चुलीम्होरं खालीच बसले. वाटलं, आता ही ताट सारणार, आता ही बोलायची बंद हुणार. तर तिनं काय केलं म्हाइती हाय?”

“काय?”

“बरणीतलं मीठ घेतलं, आमटीत टाकलं, आन् म्हणाली, मावशी, अजून अर्धी भाकरी.” ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. “मीठ कमी हुतं, तर कमी हुतं. एवढंच असतंय व्हय ओ हे?”

मी म्हटलं, “हो, वहिनी. एवढंच असतं.”

त्यानंतर जवळजवळ वर्षाने सर माझ्याकडे आले. थकले होते. शर्टाला इस्त्री नव्हती. म्हणाले, “ती तुमचं ऐकते. तुम्ही बरोबर चला. मी तिला माफ केलंय.” त्यांच्याबरोबर जायची मला मुळीच इच्छा नव्हती, पण ती एकटी त्यांच्यासमोर पडू नये म्हणून गेले. वाटेभर सर चांगलंच बोलत होते. मलकापूर गेलं, पेठनाका गेला. ते गोड आवाजात चार वाक्यं बोलतील आणि ही पिशवी भरेल, असं मला वाटत होतं.

दुपारची वेळ. मुली जेवत होत्या. तिने आम्हाला पाहिलं, हात पुसले, म्हणाली, “बसा. आधी जेवून घ्या.” ताटं वाढली. वांगीच होती. मी खाल्ली. चांगली झाली होती.

सरांनी घास घेतला. थांबले. हसले.

“जरा खारट झालंय,” ते म्हणाले. “असू दे.”

दोन-तीन मुलींनी माना वर केल्या. मी तिच्याकडे बघत होते. तिने आता माझ्याकडे वळावं, तळहातावर रस घालावा आणि विचारावं, याची मला इतकी सवय होती की मी डावा हात नकळत पुढे केला होता. सरही वाटच बघत होते.

“खारट हाय?” ती म्हणाली. “मग ऱ्हाऊ द्या तसंच. ताक देते.”

तिने त्यांच्यापुढे ताकाचा पेला ठेवला, वांगी असलेली वाटी उचलली, आणि शेजारच्या मुलीकडे वळली. “तुला भाकरी देऊ का गं?”

“घरी कधी येतेस?” सरांनी विचारलं.

“न्हाई येत.”

“तू आधी शांत हो. मग बोलू.”

“मी शांतच हाय. तुमी दोन घास खाल्लं असतं तर बरं झालं असतं. लांब जायाचंय तुमाला.” आणि ती तव्याकडे गेली. तिने तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी टम्म फुगली.

परतीच्या गाडीत कराड आलं तेव्हा सर म्हणाले, “तुम्हीच सांगा ताई, खारट होतं ना?”

“नाही,” मी म्हटलं. “बरोबर होतं.”

त्यानंतर ते साताऱ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी खिडकीत डोकं टेकून छान झोप काढली.

ती पुढे सांगलीतच राहिली. हळूहळू तिचं विचारणं सुटलं, तेही सगळं नाही. कुलूप शेवटपर्यंत दोनदा ओढायची. उन्हाळ्यात मी चार दिवस तिच्याकडे जायचे, आम्ही डंकावर मिरच्या न्यायचो, आणि नाही जमलं तर माझा तो डबा चटणीने भरून ती सांगली-सातारा गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. मागून फोन यायचा. “मिळाला का डबा? चटणीत मीठ हाय हां, ताई. वरनं बेतानं.” मी म्हणायचे, “आहे लक्षात.” “डोंबलाचं लक्षात. पैली भाजी खारट केली आसंल.” ती हसायची. साताऱ्यात भिंतीपलीकडे असताना तिचं असं मोठ्यानं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या वर्षी ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि थोडक्या दिवसांत सगळं आटोपलं. बाराव्याला गेले तेव्हा मावसबहिणीने माझा डबा माझ्या हातात ठेवला. त्या उन्हाळ्यात कुटलेल्या चटणीने भरलेला. “तुमच्यासाठी काढून ठिवली हुती,” ती म्हणाली.

ती चटणी मी जपून वापरली. सणावाराला चमचाभर. सर आता पुण्यात पुतण्याकडे असतात, शेजारच्या घरात नवे भाडेकरू आहेत. चांगली माणसं आहेत, पण भिंतीवरून पळी येत नाही.

परवा डब्याच्या तळाशी शेवटचे दोन चमचे राहिले होते. मी वांगी आणली. तिने शिकवलं होतं तशी चिरली, कूट केलं, डबा खरवडून चटणी घातली, आणि मन लावून भाजी केली. झाल्यावर पळीभर रस घेऊन मागच्या दारी गेले आणि भिंतीपाशी उभी राहिले. पलीकडे नव्या भाडेकरूंचे कपडे वाळत होते. कितीतरी वेळ मी तशीच उभी होते. मग रस स्वतःच्याच तळहातावर घातला आणि चाटला.

खारट झाली होती. चटणीतलं मीठ मी यंदाही विसरले होते.

मग आत आले, भाकरी घेतली आणि कढईतली सगळी वांगी खाल्ली.